मोरस साखर आणि अंजिराचा पाक

पूर्वीं मराठी घरांत पांढऱ्या दाणेदार साखरेस 'मोरस' म्हणत. मॉरिशस बेटाचें नांव त्या शब्दांत दडलेलें आहे. साखर परकी असल्याची साक्ष भाषेनेंच ठेवली. १९०५ सालीं वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ उसळली, पुण्यांत विदेशी कापडाची होळी झाली, आणि बहिष्कारांत कापडाबरोबर साखरही आली. पुढें १९३२ च्या संरक्षक कायद्यानें देशी कारखाने वाढले व तो प्रश्न मागें पडला.

फळांची गोडी मात्र पुण्याला कधींच दूर नव्हती. खजूर बसऱ्याहून मुंबई बंदरांत उतरे. अंजीर तर शेजारच्या पुरंदर तालुक्यांतलें. त्याचा पाक घरींही होतो. सुकीं अंजिरें धुऊन रात्रभर पाण्यांत भिजवावीं, त्याच पाण्यांत मऊ शिजवावीं, कुसकरून फडक्यानें गाळावीं, आणि निघालेला रस मंद आंचेवर मधासारखा दाट होईपर्यंत आटवावा. पाणी राहिल्यास पाक आंबतो. म्हणून थोडाच करून थंड जागीं ठेवावा.

परंतु येथें विवेक हवा. सुक्या अंजिराच्या वजनाचा सुमारें निम्मा भाग साखरच असतो, आणि गाळतांना उपयुक्त चोथा फडक्यांत राहून साखर तेवढी पाकांत उतरते. मधुमेह असलेल्यांनीं तो निर्धोक मानूं नये. १९०५ सालीं विचारावयाचें होतें, साखर कोठली? आज विचारावयाचें आहे, साखर किती? फळाच्या पाकालाही हा दुसरा प्रश्न चुकत नाहीं.