निळ्या रंगावरचे थर

घरांचा इतिहास लिहिताना आपण वास्तुरचनाकाराचे नाव नोंदवतो. तेथे राहिलेल्यांचे बहुधा नोंदवत नाही. १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की यांनी आखलेले ‘फ्रँकफर्ट स्वयंपाकघर’ आम्हांला या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. एर्न्स्ट माय यांच्या गृहयोजनेत अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब जागेत फडताळे, ओटा, पिठाचे खण, सारे आधीच ठरलेले. गृहिणीची पावले वाचावीत हा हेतू. रंगही ठरलेला. निळ्यावर माशा बसत नाहीत या समजुतीने अनेक फडताळे निळसर-हिरवी रंगवली होती.

पुढे अनेक घरांत त्यांवर दुसरे रंग चढले. काही दशकांनंतर ही फडताळे संग्रहालयांत पोहोचली, तेव्हा मूळ रंगासाठी वरचे थर काढण्याची वेळ आली. जतनासाठी ते आवश्यक असेलही. पण त्या थरांबरोबर काय गेले? जिच्या पावलांचा हिशेब झाला, तिचे मत त्यांत होते. साहित्यकृतीला वाचक देतो तो अर्थ आपण मानतो. मग तयार फडताळावर आपला रंग चढवणारीलाही वाचक का मानू नये?