एक डॉलरचे पेटंट आणि नंतरची शंभर वर्षे

विद्यापीठांची राष्ट्रीय क्रमवारी ठरते तेव्हा संशोधनाच्या रकान्यात किती पेटंट प्रसिद्ध झाली आणि किती मंजूर झाली, याचीही गणती होते. त्यामुळे पेटंट मिळाले की संशोधन सार्थकी लागले, अशी समजूत आपल्याकडे रुजत चालली आहे. ही समजूत फार जुनी नाही. प्रयोगशाळेतले ज्ञान विद्यापीठाने स्वतःची मालमत्ता म्हणून सांभाळावे आणि त्यावर उत्पन्न मिळवावे, ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत आकाराला आली आणि तेव्हापासून तिच्यावर वाद होत आला आहे. त्या वादाचा इतिहास नीट पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. मूलभूत माहिती आणि संशोधनाची साधने जिथे सर्वांना खुली राहिली, तिथे विज्ञान वेगाने पुढे गेले आणि त्यावर उद्योगही उभे राहिले. पेटंटाचा खरा उपयोग झाला तो शेवटच्या, खर्चिक टप्प्यावर. आणि खुलेपणा कुठेही आपोआप टिकला नाही. तो नियम करून, प्रसंगी भांडून टिकवावा लागला.

सुरुवात टोरांटो विद्यापीठापासून करावी लागते. फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जेम्स कॉलिप आणि जॉन मॅक्लाउड यांच्या कामातून 1921-22 मध्ये इन्सुलिन हाती आले. जानेवारी 1922 मध्ये ते प्रथम 14 वर्षांच्या एका मुलाला टोचले गेले. तोवर लहान वयातला मधुमेह म्हणजे उपासमारीच्या पथ्यावर लांबवलेला मृत्यू होता. डॉक्टरने औषधावर मालकी सांगणे बँटिंगला वैद्यकीय नीतीला सोडून वाटत होते. तरीही पेटंट घेतले गेले आणि 1923 मध्ये बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी आपले हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या हवाली केले. पैसा मिळवणे हा त्यामागचा हेतू नव्हता. दुसऱ्या कुणी आधी पेटंट घेऊन मक्तेदारी केली असती, किंवा कमअस्सल इन्सुलिन बाजारात आणले असते, तर विद्यापीठाच्या हाती ते रोखण्याचे साधन उरले नसते. अमेरिकेत एली लिली कंपनीला सुरुवातीला मर्यादित काळाचा विशेष हक्क मिळाला, मग इतरांनाही परवाने देण्यात आले. औषधाच्या शुद्धतेची तपासणी विद्यापीठाने स्वतःकडे ठेवली. पेटंट ढालीसारखे वापरता येते, हे टोरांटोने दाखवून दिले.

ढाल हातात आली की तिचा वापर कसा बदलत जातो, हे विस्कॉन्सिनमध्ये लवकरच दिसले. तिथल्या विद्यापीठातल्या हॅरी स्टीनबॉक यांनी अन्नावर अतिनील किरण सोडून त्यात 'ड' जीवनसत्त्व निर्माण करता येते हे सिद्ध केले. मुडदुसाने हातपाय वाकलेल्या मुलांसाठी हा शोध वरदान होता. स्टीनबॉक यांनी हक्क कंपनीला विकले नाहीत. 1925 मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने एक स्वतंत्र न्यास उभा राहिला आणि पेटंटचे उत्पन्न पुन्हा संशोधनावर खर्च करण्याची पद्धत सुरू झाली. हेतू चांगलाच होता, आणि त्या पैशातून विस्कॉन्सिनमध्ये पुढे मोलाचे काम झाले. पण विस्कॉन्सिन हे दूध-लोण्याचे राज्य. लोण्याला स्वस्त पर्याय असलेल्या मार्गारीनसाठी या न्यासाने परवाना नाकारला. मार्गारीन खाणारा वर्ग गरीब होता आणि मुडदूसही त्याच वर्गात अधिक होता. 1940च्या दशकात अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने ही पेटंट रद्द ठरवली, तेव्हा सार्वजनिक हिताचा हा मुद्दाही निकालात चर्चिला गेला. दोन्ही विद्यापीठांच्या हातात कायद्याचे हत्यार एकच होते. फरक पडला तो परवाना कोणाला द्यायचा, या निर्णयामुळे.

तरीही पुढची अनेक वर्षे बहुतेक विद्यापीठे पेटंटपासून दूरच राहिली. चित्र पालटले 1980 मध्ये. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आनंद चक्रवर्ती यांनी घडवलेल्या जिवाणूवर पेटंट देता येते असा निकाल दिला, आणि डिसेंबरमध्ये बे-डोल कायदा झाला. सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी आता विद्यापीठांना ठेवता येऊ लागली. कायद्याच्या बाजूने तेव्हा एक आकडा सतत पुढे केला जात होता: सरकारकडे सुमारे 28 हजार पेटंट पडून आहेत आणि त्यांतली 5 टक्केही उद्योगांनी घेतलेली नाहीत. हा आकडा वजनदार वाटतो. पण कायद्याच्या अभ्यासक रिबेका आयझेनबर्ग यांनी दाखवून दिले की त्यांतली बरीच पेटंट संरक्षण खात्याच्या कंत्राटांतली होती. कंत्राटदार कंपन्यांना ती स्वतःकडे ठेवण्याची मुभा होती, आणि त्यांनी ती नको म्हटले होते. विद्यापीठांचे शोध मालकीअभावी कुजत होते, असे या आकड्यावरून सिद्ध होत नाही.

पेटंटच्या समर्थकांचा सर्वात आवडता दाखला आहे स्टॅनले कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांच्या जनुकजोडणीच्या तंत्राचा. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांना या पेटंटांतून सुमारे 25 कोटी 50 लाख डॉलर मिळाले, आणि जैवतंत्रज्ञानाचा अख्खा उद्योग याच तंत्रावर उभा राहिला. दाखला खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. हे तंत्र 1973 मध्येच शोधनिबंधातून जगजाहीर झाले होते आणि प्रयोगशाळा ते वापरूही लागल्या होत्या. शिवाय स्टॅनफर्डने परवाना एका कंपनीपुरता न ठेवता मागेल त्याला माफक दरात दिला; चारशेहून अधिक कंपन्यांनी तो घेतला. उद्योग वाढला तो दार सर्वांना उघडे होते म्हणून. पेटंटने त्या दारावर पथकर बसवला, एवढेच त्याच्याबद्दल म्हणता येते.

संगणकांचे जाळे पसरू लागल्यावर प्रश्नाला नवे परिमाण मिळाले. मिनेसोटा विद्यापीठाने 1991 मध्ये गोफर नावाची प्रणाली तयार केली. दूरच्या संगणकावरचे दस्तऐवज तिच्यामुळे सहज शोधता येत आणि ती झपाट्याने पसरली. 1993 मध्ये विद्यापीठाने तिच्या काही वापरांवर शुल्क आकारण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी 30 एप्रिलला जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेने टिम बर्नर्स-ली यांच्या वर्ल्ड वाइड वेबवरचे आपले सर्व हक्क सोडत असल्याचे लेखी जाहीर केले. वेब पुढे गेली याला चित्रे दाखवणाऱ्या नव्या ब्राउझरसारखी इतर कारणेही होती. पण उद्या आपल्याकडून पैसे मागितले जातील ही धास्ती शिरली की सहकारी दुसरी वाट धरतात, हे गोफरच्या ओहोटीतून स्पष्ट झाले. सर्नने केलेली कृतीही लक्षात ठेवावी. नुसते गप्प राहून वेब खुली राहिली नसती. हक्क सोडल्याचा कागद करावा लागला.

या सगळ्याची खरी कसोटी लागली मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पात. 1990 मध्ये सुरू झालेल्या या कामात अनेक देशांची विद्यापीठे सहभागी होती. 1991 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, क्रेग व्हेंटर यांनी वाचलेल्या आणि कार्य अजून अज्ञात असलेल्या जनुकतुकड्यांवर पेटंटसाठी अर्ज केले. प्रकल्पाचे प्रमुख जेम्स वॉटसन यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि 1992 मध्ये ते पायउतार झाले. पुढे 1994 मध्ये संस्थेने हे अर्ज मागे घेतले. फेब्रुवारी 1996 मध्ये बर्म्युडा बेटावर प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांची बैठक झाली. जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट वॉटरस्टन यांच्या आग्रहाने तिथे असे ठरले की एक हजारहून अधिक अक्षरांचा जुळलेला क्रम 24 तासांत सार्वजनिक संगणकसाठ्यात टाकायचा. शोधनिबंध छापून येईपर्यंत माहिती राखून ठेवण्याची जुनी रीत या ठरावाने मोडली. सल्स्टन यांनी हा धडा एका इवल्याशा कृमीच्या जनुकांवर काम करताना घेतला होता. तिथे नकाशा जसजसा तयार होई तसतसा तो जगभरच्या प्रयोगशाळांना मिळे, आणि त्या बदल्यात त्याही आपली माहिती परत पाठवत.

1998 मध्ये व्हेंटर यांच्या सेलेरा या खासगी कंपनीने शर्यत लावली. तिची माहिती पैसे भरून, कराराच्या अटींवर मिळणार होती. सार्वजनिक प्रकल्पाकडे तुकडे होते, पण ते सांधणारा प्रोग्राम नव्हता. सांताक्रूझ इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला जिम केंट हा विद्यार्थी चार आठवड्यांत तो लिहून मोकळा झाला आणि शंभर साध्या संगणकांवर जोडलेला मसुदा 7 जुलै 2000 रोजी इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवला गेला. माहिती कुलूपबंद असती तर प्रकल्पाच्या कडेला उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याला तिच्यावर हात चालवताच आला नसता. खुल्या सहकार्याचे बळ नेमके इथे आहे: उपयोगी पडणारा माणूस कोण, हे आधी कुणालाच ठाऊक नसते.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो पुराव्यावर आधारलेला आहे. अर्थतज्ज्ञ हायडी विल्यम्स यांनी 2013 मध्ये दाखवले की जी जनुके काही काळ सेलेराच्या ताब्यात होती, त्यांच्यावरचे पुढचे संशोधन आणि चाचण्यांचा विकास 20 ते 30 टक्क्यांनी कमी राहिला. बंधन फार तर दोन वर्षांचे होते, परिणाम मात्र नंतरही टिकला. पण 2019 मध्ये त्यांनीच भावेन संपत यांच्यासह केलेल्या अभ्यासात जनुकांवरील पेटंटमुळे पुढच्या संशोधनाला सरासरी अडथळा झाल्याचे आढळले नाही. मग पेटंटला दोष का द्यावा? उत्तर या दोन अभ्यासांमधल्या फरकात आहे. सेलेराचे बंधन मुख्यतः माहितीसाठ्यावरच्या कराराचे होते. पेटंट घेताना शोध जगापुढे उघड करावा लागतो. करारात आणि गुपितात तेवढेही घडत नाही. स्तनाच्या कर्करोगाशी निगडित जनुकांच्या बाबतीत ही दोन्ही बंधने एकत्र आली. युटा विद्यापीठाशी जोडलेल्या मिरियड कंपनीची चाचणी अमेरिकेत तीन हजार डॉलरहून महाग होती. जून 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक डीएनएवरचे पेटंट एकमताने नाकारले आणि इतर प्रयोगशाळांनी लगोलग चाचण्या जाहीर केल्या. तोवर मिरियडने हजारो रुग्णांच्या जनुकबदलांची माहिती स्वतःकडे साठवली होती आणि ती सार्वजनिक साठ्यात देणेही थांबवले होते. पेटंट गेले, साठा बंदच राहिला. म्हणून खुलेपणाची चर्चा आता पेटंटपाशी थांबून चालणार नाही.

दुसरा आक्षेप औषधांचा. रेणू सापडल्यापासून गोळी बाजारात येईपर्यंत प्रचंड खर्च येतो. मालकीची हमी नसेल तर तो कोण करील? भारतात 2008 मध्ये मालकी आणि खुलेपणा हे दोन्ही विचार एकाच वेळी पुढे आले. बे-डोलच्या धर्तीचे विधेयक त्या वर्षी राज्यसभेत मांडले गेले, आणि त्याच वर्षी सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधनसंस्थेने क्षयरोगावर खुल्या औषधसंशोधनाचा उपक्रम सुरू केला. क्षयाच्या जिवाणूच्या सुमारे चार हजार जनुकांची छाननी देशभरच्या शेकडो विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरून मिळून केली. विधेयक 2014 मध्ये मागे घेतले गेले. खुल्या उपक्रमातूनही नवे औषध बाजारात आले नाही. हे अपयश मान्य केले पाहिजे. माहितीचे काम स्वयंसेवकांकडून होऊ शकते, रुग्णांवरच्या चाचण्या तशा होत नाहीत. त्यांना पैसा आणि शिस्तबद्ध यंत्रणा लागते. पण त्यासाठीही मक्तेदारी अटळ नाही. प्रिटोमॅनिड हा क्षयावरचा रेणू कंपनीकडून परवाना घेऊन एका ना-नफा संस्थेने पुढे नेला आणि 2019 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

तिसरा आक्षेप भारतीय मनाला सर्वात जवळचा: आपण खुले ठेवावे आणि परक्याने पेटंट घ्यावे! हळदीच्या बाबतीत तसेच झाले. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. सीएसआयआरचे तत्कालीन महासंचालक रघुनाथ माशेलकर यांनी त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. ही लढाई जिंकून दिली ती जुन्या ग्रंथांनी आणि 1953 मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या लेखाने. लेखी, तारखेसह प्रसिद्ध झालेले ज्ञान पुरावा म्हणून उभे राहिले. नंतर पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय कोश परदेशी पेटंट तपासनिसांसाठी तयार झाला, तोही याच अनुभवातून. जे ज्ञान घराघरांत वापरात असूनही कागदावर नसते, ते चोरणे सोपे. जे नीट नोंदवून प्रसिद्ध केलेले असते, त्यावर दुसऱ्याला मालकी सांगता येत नाही. चोरीच्या भीतीवर प्रसिद्धी हाच उपाय आहे.

या शतकभराच्या अनुभवातून विद्यापीठांसाठी धोरण स्पष्ट निघते. सार्वजनिक पैशातून मिळालेली माहिती आणि संगणकप्रणाली ठरलेल्या मुदतीत खुली करावी. संशोधनाच्या साधनांवर पेटंट घेतलेच तर परवाना मागेल त्याला द्यावा. एकाच कंपनीला हक्क द्यायचा तो फक्त जिथे शेवटचा टप्पा खरोखर खर्चिक आहे तिथे, आणि तोही मुदत, किंमत व गरिबांपर्यंतची पोच यांच्या अटी घालून. आणि ज्या क्रमवारीत पेटंट मोजली जातात, तिथे इतरांनी वापरलेले माहितीसाठे आणि प्रणालीही मोजल्या जाव्यात. आज त्यांना फारसे श्रेय नाही, म्हणून हुशार संशोधक त्या कामाकडे वळत नाहीत. विद्यापीठांच्या कारभाऱ्यांनी हा बदल मागितला पाहिजे. कारण विद्यापीठ जनतेच्या पैशावर चालते, आणि त्या पैशाचा पहिला परतावा जनतेला ज्ञानाच्या रूपातच मिळायला हवा.