धर्मशाळेच्या ओसरीवर

पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक येथील गाडगेबाबांच्या धर्मशाळा आपल्या ओळखीच्या आहेत. पाठीवरचे ओझे टाकले, पाय धुतले आणि भिंतीला पाठ टेकली की ही भिंत कोणी आणि का उभी केली, हे कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. चाळीस वर्षे कीर्तनात बाबांचा दृष्टांत दिला, लोकांच्या डोळ्यांतून पाणी काढले. पण त्यांनी रोग्यांसाठीही छप्पर उभे केले होते, ही गोष्ट मी कधी सांगितली नाही. ती कळायला मला घशाचा कर्करोग व्हावा लागला.

आधी बाबांचे थोडे सांगतो, कारण नव्या पिढीला खराटा आणि गाडगे यापलीकडे फारसे ठाऊक नसते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी व सखुबाई या परीट दांपत्याच्या पोटी ते जन्मले. नाव डेबूजी. वडील दारूपायी लवकर गेले, म्हणून आजोळी दापुऱ्याला वाढले, गुरे राखली, शेती केली. १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हाती काठी, सोबत मडक्याचे फुटके गाडगे. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने. पंढरीला गेले तरी देवळातल्या रांगेत त्यांचा जीव रमत नसे. वाळवंट झाडणे, कोणा थकलेल्या वारकऱ्याचे धोतर धुऊन देणे, हीच त्यांची पांडुरंगाची भेट.

लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी घाट, गोरक्षणे, शाळा, वसतिगृहे आणि धर्मशाळा उभ्या केल्या, आणि त्यांपैकी कशावरही आपल्या घरच्यांचा हक्क ठेवला नाही. पूर्णेच्या काठी ऋणमोचनच्या यात्रेत आंधळ्यापांगळ्यांना आणि महारोग्यांना ते पंगतीला बसवत. ज्यांना लोक वाटेच्या कडेला ठेवतात त्यांना बाबा मधे आणून बसवत, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे सगळे उलगडते.

आता त्यांच्या आजारपणाकडे येतो. जुलै १९४९ मध्ये बाबा मुंबईत आजारी होते. तेव्हा देशाचे कायदामंत्री असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीला निघण्याच्या घाईतही त्यांना भेटायला गेले. सोबत दोन घोंगड्या नेल्या होत्या. कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या, असे चरित्रकार सांगतात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्या चोखोबांना महाद्वाराच्या पायरीशी जागा मिळाली, त्यांच्या नावाने असलेले छप्पर कोणाच्या हाती सुरक्षित राहील, याचा विचार या माणसाने थकत्या शरीराने केला.

आणि १९५४ साली, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी करवली. ही गोष्ट मला थांबवते. तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधणे ही जुनी परंपरा आहे, पुण्य जोडणारे पुष्कळ श्रीमंत ते करीत आले. पण इस्पितळाच्या दारात? तिथे कोणती एकादशी, कोणता देव? बाबांनी पाहिले असेल की खेड्यातला माणूस बायकोला किंवा लेकराला घेऊन मुंबईला येतो, रोग्याला खाट मिळते आणि सोबत आलेला फूटपाथवर झोपतो. त्यांच्या लेखी तोही वारीलाच निघालेला होता.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे येथे पोलिसांच्या आवारात त्यांनी शेवटचे कीर्तन केले. ते ध्वनिमुद्रित झालेले आहे. मी ते अनेकदा ऐकले. ऐंशी वर्षांचा, प्रकृतीने खचलेला माणूस बोलतो आहे असे ऐकताना वाटत नाही. श्रोत्याला प्रश्न टाकायचा, त्याच्याकडून उत्तर वदवून घ्यायचे, हसवायचे आणि हसता हसता चिमटा काढायचा, सगळे तसेच. त्यानंतर अवघ्या बेचाळीस दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा देह पडला. तेव्हाही ते वाटेवरच होते.

एक सांगून ठेवतो. बाबांची देहाविषयीची बेफिकिरी आपण घेऊ नये. गोळी वेळेवर घ्यावी, डॉक्टर म्हणतील तेव्हा निजावे. आमच्यातले काही फडकरी उपचार सोडून वारीला निघतात आणि त्याला निष्ठा म्हणतात. मला ते पटत नाही.

चार वर्षांपूर्वी माझा आवाज घोगरा झाला. कीर्तनाचा ताण म्हणून दोन महिने हळद-दूध घेण्यात घालवले. निदान झाले आणि परळच्या इस्पितळात उपचार ठरले. रेडिएशन पस्तीस वेळा घ्यायचे होते. आम्ही रोगी त्याला ‘लाईट’ म्हणतो. मुंबईत सात आठवडे राहायचे कुठे? दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, कर्करोगाच्या रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देणारी. तिथे मला आणि मुलाला जागा मिळाली.

खरे सांगतो, पहिले पंधरा दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. ज्या माणसाच्या पायावर गावोगावी डोकी ठेवली गेली, त्याला आता नाकातल्या नळीतून भाताची पेज घ्यावी लागत होती. आवाज गेला म्हणजे माझे सगळेच गेले, सेवा संपली, असे मी पांडुरंगाला ऐकवीत होतो. तेही मनातल्या मनात, कारण ओठांतून शब्द निघत नव्हता.

ओसरीवर विदर्भातले एक गृहस्थ असत. जिभेचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्यांदा उलटलेला रोग. गळ्यात शाळेतल्या मुलासारखी पाटी. पहाटे कोणी नवे माणूस फाईल छातीशी धरून बावरलेले दिसले की हे उठत, पाटीवर लिहीत, “पहिला दिवस? चला.” मग दादरहून परळपर्यंत सोबत, कोणत्या दाराने आत जायचे, केसपेपर कुठे काढायचा, पैसे भरायची खिडकी कोणती. त्यांच्या पिशवीत दोन पेने, सेफ्टी पिना, फाईलला लावायची रबरे आणि उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली असे. दुपारी परतले की दमून भिंतीशी बसत, अर्धा तास डोळे मिटून. त्यांचा स्वतःचा लाईट संध्याकाळी असे.

एका सकाळी ते माझ्या खाटेशी आले. बरोबर धुळ्याकडच्या एक मावशी होत्या. त्यांच्या नवऱ्याला दाखल केले होते आणि मदतनिधीचा अर्ज भरायचा होता. पाटीवर लिहिले होते, “महाराज, तुमचे अक्षर चांगले आहे म्हणतात.”

मला राग आला. इथे माझा जीव जातोय आणि याला अक्षर सुचते! पण मावशी समोर उभ्या होत्या, अर्जाची घडी हातातल्या हातात उलटीसुलटी करीत. मी उठून बसलो. नाव, गाव, शिधापत्रिकेचा क्रमांक, वार्षिक उत्पन्न. उत्पन्नाच्या रकान्यापाशी त्या थबकल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, यंदाचं सांगू की पाऊस पडला त्या वर्षाचं?” नळी नाकात असताना मी हसलो, आणि फार दुखले.

दुसऱ्या दिवशी आणखी दोघे आले. नंतर रोजच. पस्तीस लाईट संपेपर्यंत किती अर्ज भरले ते मोजले नाही, पण रात्री झोप लागू लागली होती. आपल्या संप्रदायात साधू कसा ओळखावा, याची खूण तुकोबारायांनी सांगून ठेवली आहे. ती सर्वांना पाठ आहे, म्हणून येथे देत नाही. मी तिच्यावर तासन् तास निरूपण केले होते. बाबांच्या नावाच्या ओसरीवर तेच निरूपण गळ्यात पाटी अडकवून पहाटे साडेपाचला बस पकडत होते.

ते गृहस्थ पुढच्या वर्षी वारले. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा माझा आवाज थोडा परतला होता, फाटका, कीर्तनाला निरुपयोगी, पण कानाशी नेला तर कळेल इतका. मुलगा म्हणाला, “बाबांची पिशवी तुमच्याकडे द्यायला सांगितलंय.” आळंदीला कार्तिकीत त्याने ती आणून दिली. पाटी त्याने घरी ठेवून घेतली.

मला दर सहा महिन्यांनी तपासणीला जावे लागते. येत्या मार्गशीर्षात पुन्हा आहे. जाताना पेने आणि सेफ्टी पिनांचा पुडा घ्यायचा आहे, मागच्या खेपेला संपल्या.