नखुरडे, हर्पीसजन्य

हर्पीस सिंप्लेक्स या विषाणूच्या प्रकार १ अथवा २ मुळे बोटाच्या अग्रभागी, बहुधा अंगठ्यास किंवा तर्जनीस, होणारा वेदनामय विकार. हिरड्यांस व ओठांस या विषाणूचे फोड आलेले मूल अंगठा चोखते, किंवा परिचारिका अथवा दंतवैद्य उघड्या हाताने अशा रुग्णाच्या मुखात काम करतात, तेव्हा त्वचेच्या सूक्ष्म चिरेतून विषाणू आत शिरतो. २ ते २० दिवसांनी बोट चुरचुरते, ठणकते आणि लाल त्वचेवर स्वच्छ पाण्याने भरलेल्या फोडांचा पुंजका उठतो. क्वचित ताप येऊन काखेत अवधाणही येते.

उपचाराचा पहिला नियम निषेधाचा आहे : बोटास शस्त्र लावू नये. सामान्य नखुरड्यात साचलेला पू चीर देऊन काढणे रास्त असले, तरी येथे काढण्याजोगा पू नसतो, आणि चीर दिल्यास जंतुसंसर्गाची भर पडून जखम लांबते. बोट स्वच्छ व कोरड्या पट्टीने झाकावे, ते डोळ्यास लावू नये, तान्ह्या बालकापासून दूर ठेवावे व वेदनेसाठी पॅरासिटामॉल द्यावे. विकार दोन ते चार आठवड्यांत आपोआप शमतो. ॲसायक्लोव्हिर मात्र पहिल्या ४८ तासांत, वैद्याच्या सल्ल्याने, सुरू झाल्यास ही मुदत घटते. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णाच्या बाबतीत औषध टाळू नये.

नंदुरबार जिल्ह्यात निदानास विशेष सावधगिरी हवी. मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या स्त्रियांच्या हातांची आग होते, पण ती अनेक बोटांत एकाच वेळी असते व फोडांचा पुंजका नसतो. सिकलसेलग्रस्त भिल्ल व पावरा कुटुंबांतील लहान मुलांचे हातपाय सुजतात, तेथेही असे फोड नसतात आणि त्या मुलास विनाविलंब दवाखान्यात नेणे अगत्याचे असते. सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या दूरच्या पाड्यांवरून येणाऱ्या रुग्णाचे ते मोलाचे ४८ तास वाटेतच सरण्याची भीती असते. सबब पाड्यावरील आशा कार्यकर्तीस या फोडांची ओळख करून देणे, हीच येथील खरी तजवीज होय.

व्रण भरल्यावरही विषाणू मज्जागंडिकेत सुप्त राहतो व औषधाने तो समूळ जात नाही. त्यामुळे विकार त्याच बोटास पुन्हा उद्भवू शकतो. अशा रुग्णाने पहिली चुरचुर जाणवताच औषध घ्यावे. वारंवार त्रास होत असल्यास वैद्य दीर्घकाळ अल्प मात्रेत ते देतात.