माळावरचे आकाश आणि काचेच्या प्लेटा

अहिल्यानगर, म्हणजे आपल्या जुन्या सवयीचे नगर. या जिल्ह्याच्या दक्षिणेस कर्जत-जामखेडच्या वाटेने आपण कधी गेला असाल, तर तिथले माळ आपल्या डोळ्यांसमोर असतील. मुरमाड जमीन, गुडघ्याएवढे कुसळी गवत, मधूनच एखादी बाभळ. पाऊस सह्याद्रीलाच आपले बहुतेक पाणी देऊन बसतो. इथवर येतात ते उरलेसुरले ढग. अशा जमिनीला आपण सरसकट ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो. पण ज्या कोरडेपणाने शेतकऱ्याला रडवले, त्याच कोरडेपणाच्या शोधात एकदा सातासमुद्रापलीकडची माणसे इथे आली होती. ती जमीन पाहायला आली नव्हती. तिच्यावरचे आकाश काचेवर टिपून न्यायला आली होती.

ही गोष्ट २२ जानेवारी १८९८ची. त्या दिवशी शनिवार होता, पौषी अमावास्या होती आणि खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राची सावली कोकणच्या किनाऱ्यावर चढून ईशान्येकडे वऱ्हाडावरून पुढे जाणार होती. तिच्या वाटेवर जेऊर नावाचे स्टेशन होते. नगरकरांनो, हे आपले जेऊर बायजाबाईचे नव्हे, बरे का! हे सोलापूर जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातले जेऊर. मात्र करमाळा आणि आपला कर्जत हे शेजारी तालुके. जिल्ह्याची हद्द कागदावर, माळ एकच.

जेऊरच का? एक तर आगगाडी दारात, त्यामुळे जड पेट्या आणता येत. दुसरे म्हणजे जानेवारीत इथले आकाश निरभ्र राहण्याची आशा दांडगी. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे विल्यम कँबेल आपल्या पत्नी एलिझाबेथ यांच्यासह आले. पुण्याहून प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला आले. आणि काळ तर कसा? १८९६-९७चा दुष्काळ नुकता सरलेला, मुंबई-पुण्यात प्लेगाने घरेच्या घरे ओस पाडलेली. अशा दिवसांत भर दुपारी सूर्य काळा होणार, म्हटल्यावर गावोगावच्या माणसांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना आपणच करावी.

नेगमवाला हे नाव आज फारसे कुणाला आठवत नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली, ती त्यांच्या खटपटीने. तिथली वीस इंची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातली सर्वांत मोठी होती. ग्रहणाच्या वेळचे त्यांचे सारे काम १९०२ साली ग्रंथरूपाने छापले गेले. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे दक्षिणेत कोडईकनालला गेली. एका माणसाच्या पाठीवर उभी असलेली संस्था त्या माणसाबरोबरच खाली बसते, ही आपली जुनीच कथा.

आता कँबेल यांचा कॅमेरा पाहा. लांबी चाळीस फूट! त्यातून सूर्याची प्रतिमा सुमारे साडेचार इंच व्यासाची पडे. खग्रास अवस्था टिकणार अवघी दोन मिनिटे. पण आकाश काही थांबत नाही. दोन मिनिटांत सूर्य आपल्या रुंदीएवढा सरकतो, म्हणजे प्लेटवर ती प्रतिमा साडेचार इंच पळते. मग छायाचित्र पुसट यायचेच. यावर तोड अशी, की एवढे मोठे धूड हलवायचे नाही, ते स्थिर ठेवायचे आणि आतली काचेची प्लेटच घड्याळाच्या यंत्राने त्याच गतीने सरकवायची. हवेने साथ दिली, हात चुकले नाहीत, आणि सूर्याभोवतीचा तो मोतिया किरीट काचेवर उतरला.

याच कँबेल यांनी चोवीस वर्षांनी, १९२२ साली, ऑस्ट्रेलियातल्या वल्लाल येथे ग्रहणकाळी सूर्याजवळच्या ताऱ्यांची छायाचित्रे घेतली. तेच तारे काही महिने आधी ताहिती बेटावरून रात्रीच्या आकाशात टिपून ठेवले होते. दोन्ही प्लेटा ताडून पाहता आइन्स्टाइन यांचे म्हणणे खरे ठरले: सूर्याजवळून येणारा प्रकाश वाकतो. रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र म्हणजे नुसती शोभा नव्हे, तो पुरावा असतो.

आज चाळीस फुटांचा कॅमेरा नको. खांद्यावरच्या पिशवीत मावेल असा कॅमेरा, एक तिपाई आणि पंधरा-वीस सेकंद धीर एवढे पुरे. त्याहून अधिक वेळ झडप उघडी ठेवली, तर तारे ठिपक्यांऐवजी रेघा होऊन उमटतात, कारण पृथ्वी फिरतच असते. हरिश्चंद्रगडावर आणि भंडारदऱ्याच्या काठी असे आकाश टिपायला तरुण मंडळी जातात, हे चांगलेच आहे.

पण एक गोष्ट १८९८ साली फुकट होती, ती आता दुर्मिळ होत चालली आहे. ती म्हणजे काळोख. शहरांचा उजेड क्षितिजावर पिवळट साय धरतो आणि आकाशगंगा त्यात विरघळून जाते. कॅमेरा कितीही भारी घ्या, झाकलेला तारा तो कुठून आणणार?

याच माळाने एकदा धडा दिलेला आहे. १९७९ साली सोलापूर-नगरच्या माळांवर माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले, कर्जत आणि करमाळा दोन्ही त्यात होते. पुढे क्षेत्र आक्रसले आणि पक्षी तर दिसेनासाच झाला. माळ रिकामा आहे असे आपण धरून चाललो, म्हणून काय गेले ते जाईपर्यंत कळले नाही. काळोखाचेही तसेच होऊ नये.

उपाय अवघड नाही. दिव्यांना टोपी घालावी, उजेड जमिनीकडे वळवावा, नको तेव्हा दिवा मालवावा. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. जे पेंचच्या जंगलात जमले, ते आपल्या माळावर का जमू नये?

येत्या हिवाळ्यातल्या एखाद्या अमावास्येला गावाबाहेर जा. मुलांना मृग दाखवा, व्याध दाखवा. पहाटेपर्यंत थांबलात तर सप्तर्षींची बाज आणि तिच्यामागचे तीन चोर दाखवा. जमल्यास छायाचित्र घ्या, आणि त्यामागे गावाचे नाव व तारीख लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी कुणीतरी ते पाहील, आणि आपण काय राखले, काय घालवले, हे त्याला त्यावरून नेमके कळेल.