सोळा आण्यांचे पीक

शेतातील पिकाचा अंदाज रुपयाच्या भाषेत सांगण्याच्या महसुली पद्धतीला आणेवारी म्हणत. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, निम्मे म्हणजे आठ आणे, आणि शेतात उभे असलेले पीक यांपैकी कोठे बसते हे पाहणाऱ्याच्या नजरेवर सोपवलेले असे. ब्रिटिश अमदानीत सोळा आण्यांचा अर्थही सर्वत्र एक नव्हता. काही प्रांतांत बारा आण्यांनाच सर्वसाधारण पीक मानत. तरीही या अंकात एक प्रामाणिकपणा होता, कारण 'सात आणे' हे शब्द उच्चारताच तो अदमास आहे, मोजमाप नव्हे, हे सांगणारा आणि ऐकणारा दोघेही जाणून असत.

यवतमाळ जिल्ह्यासारख्या, बहुतांशी पावसावर अवलंबून असलेल्या कापसाच्या मुलखात अशा अदमासाला फार मोल असते. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे शंभर पैसे झाले आणि कालांतराने आणेवारीची पैसेवारी झाली. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, म्हणून आण्यांत बोलणाऱ्याला त्रेचाळीसच्या आसपास किंवा थेट पन्नास, एवढेच म्हणता येई. सत्तेचाळीस किंवा एक्कावन्न म्हणण्याची सोयच नव्हती. पैशांनी ती सोय करून दिली आणि अंदाजाला मोजमापाचा वेश चढला. पन्नास पैसे ही टंचाईची सीमारेषा असल्याने जमीन महसुलातील सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, वीजबिलातील सवलत आणि परीक्षा शुल्काची माफी त्या एका-दोन पैशांवर अडू लागली.

वास्तविक व्ही. जी. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात पीककापणी प्रयोगांना यादृच्छिक नमुन्याची, म्हणजे शेते मर्जीने न निवडता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडण्याची, शास्त्रीय बैठक दिली होती. गावच्या पैसेवारीतही ठरावीक मापाच्या तुकड्यातील पीक कापून, त्याचे वजन करून ते प्रमाण उत्पादनाशी ताडले जाते, पण तो प्रयोग पुढचा. पहिला आकडा असतो नजर अंदाजाचा. विदर्भात खरिपाची ही नजर अंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित 31 ऑक्टोबरला आणि अंतिम 31 डिसेंबरला जाहीर होते. सप्टेंबरात यवतमाळचा कोरडवाहू कापूस बहुधा पात्या-बोंडांतच असतो, आणि अंतिम आकडा निघतो तेव्हाही वेचणी पुष्कळदा चालूच असते, तूर तर अनेक शेतांत उभी असते. तिन्ही आकडे मात्र सारख्याच ठाम दोन अंकांत छापले जातात. 'सुमारे' हा शब्द कोणत्याही तक्त्यात आढळत नाही.

केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यमानातील तूट, जमिनीतील ओलावा आणि उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती यांना प्राधान्य दिले. तरी जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांतील गावोगावची पैसेवारी दरवर्षी निघतेच, आणि पन्नासच्या कोणत्या बाजूला आपले गाव पडले, हेच शेतकरी त्या यादीत प्रथम पाहतो.