माग चालू, पण वीण जमेना: भिवंडीचे यंत्रमाग आणि जुनी ग्राफिक्स कार्डे

#थ्रेड

१/ नवा गेम विकत घेतला, संगणकही व्यवस्थित सुरू आहे, तरीही पडद्यावर सूचना येते: ‘हे ग्राफिक्स कार्ड चालणार नाही.’ कार्ड तर बिघडलेले नसते. मग नेमके काय घडते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी भिवंडीच्या यंत्रमागापासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

२/ मागावर उभे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटी असतात. दोन चौकटींवर साधी वीण निघते. ट्विलसाठी किमान तीन चौकटी लागतात आणि सॅटिनसाठी किमान पाच. दोन चौकटींचा माग कितीही वेगाने पळवला तरी त्यातून सॅटिन निघणार नाही. वेग आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचा सारा इतिहास या एका भेदाचा आहे.

३/ १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच्या आगेमागे गिरण्यांनी काढून टाकलेले अनेक माग भिवंडीत आले आणि नव्या मालकांकडे पुन्हा धावू लागले. साध्या कापडासाठी ते पुरेसे होते. अडचण आली ती बाजाराची मागणी बदलली तेव्हा.

४/ आता कार्डांकडे वळू. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘व्हूडू’ कार्ड आले आणि घरच्या संगणकावरील त्रिमितीय गेमचे रूप पालटले. या कार्डाशी बोलण्यासाठी कंपनीने ‘ग्लाइड’ नावाची स्वतःची भाषा तयार केली होती. केवळ ग्लाइडमध्ये लिहिलेला गेम दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला कळतच नसे.

५/ डिसेंबर २००० मध्ये एनव्हिडियाने थ्रीडीएफएक्सची मुख्य मालमत्ता विकत घेण्याचे ठरले आणि ग्लाइड भाषा पोरकी झाली. ते जुने गेम आज चालतात, ते ग्लाइडचे आदेश डायरेक्टथ्रीडी या सर्वसामान्य भाषेत उलगडून सांगणाऱ्या छोट्या दुभाषी प्रोग्रॅममुळे. भाषेची अडचण होती, म्हणून दुभाष्याने ती सुटली.

६/ पुढची अडचण दुभाष्याने सुटण्यासारखी नव्हती. २००१ च्या ‘जीफोर्स ३’ कार्डात पिक्सेल शेडर आले. प्रत्येक ठिपक्याचा रंग आणि प्रकाश कसा ठरवायचा, याचा छोटा प्रोग्रॅम आता गेम लिहिणाऱ्यालाच कार्डाला देता येऊ लागला. २००२ मध्ये ‘जीफोर्स ४ एमएक्स’ आले. नावात आकडा मोठा, पण ही सोय नाही. २००३ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या कार्डावर चालत नसे. आकडा पाहून कार्ड घेणाऱ्यांनी दोन चौकटींचाच माग घेतला होता.

७/ २००७ मध्ये ‘बायोशॉक’ आला. त्याला शेडर मॉडेल ३.० हवे होते. एटीआयची एक्स८०० मालिका २००४ ची, तेव्हाची वेगवान कार्डे. पण त्यांची मजल २.० च्या पुढच्या एका सुधारित आवृत्तीपर्यंतच होती. अखेर चाहत्यांनीच गेमचे शेडर जुन्या पद्धतीने लिहून काढण्याचा खटाटोप केला.

८/ ऑक्टोबर २०२३ मधील ‘अ‍ॅलन वेक २’ मेश शेडरवर आधारलेला होता. २०१७ चे ‘जीटीएक्स १०८० टीआय’ हे ११ जीबी मेमरीचे बलदंड कार्ड, पण त्यात मेश शेडर नाही. गेम सुरू होई, पण रखडत चाले. मार्च २०२४ मध्ये गेम बनवणाऱ्यांनीच सुधारणा पाठवली आणि जुन्या कार्डांवरचा वेग वाढला. कार्ड तेच राहिले, गेमचे लेखन बदलले.

९/ डिसेंबर २०२४ च्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’मध्ये ही सवलत नव्हती. प्रकाशाचे किरण मोजणारी रे ट्रेसिंगची यंत्रणा कार्डातच असणे ही त्या गेमची किमान अट होती.

१०/ म्हणून गेम चालत नसेल तर आधी रोग ओळखावा. गेम चालतो पण अडखळतो: वेग किंवा मेमरी कमी. गेम उघडतच नाही आणि सूचनेत डायरेक्टएक्स, शेडर किंवा रे ट्रेसिंगचे नाव येते: क्षमतेचा अभाव, किंवा जुना ड्रायव्हर. चित्र फाटते, रंग विस्कटतात: ड्रायव्हरचा संशय. खेळता खेळता संगणक एकाएकी बंद पडतो: वीजपुरवठा आणि तापमान तपासावे.

११/ तपासणी सोपी आहे. विंडोजमध्ये ‘डीएक्सडायग’ चालवून डिस्प्लेच्या पानावरील ‘फीचर लेव्हल्स’ ही ओळ पाहावी. तेथे १२_२ असेल तर मेश शेडर आणि रे ट्रेसिंग दोन्ही आहेत. १२_१ वरच थांबले असेल तर त्यांपैकी निदान एक नाही. मग निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ताजा ड्रायव्हर घ्यावा. तरीही सूचना तीच राहिली, तर सेटिंग कमी करून उपयोग नाही. सेटिंगने काम हलके होते, चौकट वाढत नाही.

१२/ जुन्या वस्तूंच्या बाजारात ही समज पैसे वाचवते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे कार्डांवरील ‘मायनिंग’ थांबले आणि वापरलेल्या कार्डांची जगभर रेलचेल झाली. भिवंडीच्या तरुणाला लॅमिंग्टन रोडवर स्वस्त कार्ड मिळेलही. पण भावाआधी पिढी विचारावी. एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेसाठी नव्या गेमनुरूप ड्रायव्हरचा पुरवठा ऑक्टोबर २०२५ पर्यंतच ठेवला. त्यानंतर केवळ सुरक्षेच्या सुधारणा.

१३/ मागाला मात्र नवे अवयव जोडता येतात. १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारची ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना भिवंडीतूनच सुरू झाली. धागा तुटताच माग थांबवणारी साधने बसवून साधा माग जागच्या जागी सुधारण्यास तीत अनुदान होते. कार्डाच्या चिपमध्ये अशी जोडणी करता येत नाही.

१४/ त्यामुळे जुन्या कार्डाचे आयुष्य दोघे ठरवतात: ड्रायव्हर देणारी कंपनी आणि जुन्यांसाठी दुसरी वाट लिहिणारा गेमकार. ‘अ‍ॅलन वेक २’ला ती वाट नंतर सापडली, कारण ती शोधली गेली. नवे कार्ड घेण्याआधी आपल्या गेमला अशी वाट मिळाली आहे का, एवढे जरूर पाहावे. भिवंडीत गिरण्यांच्या टाकाऊ मागांवर कित्येक संसार उभे राहिले, ते त्या मागांना जमेल असे काम कोणीतरी शोधून दिले म्हणून.